चापट माझी होती

आमच्या घरात माझं बोलणं निम्मं करून ऐकायची पद्धत आहे. मी म्हटलं, आज दुकानात पन्नास गिऱ्हाइकं आली, की बायको पंचवीस धरते. मी म्हटलं, अंगात एकशेचार ताप आहे, की ती त्याचेही दोन भाग करते आणि बावन्न डिग्रीच्या माणसाला काय होणार आहे म्हणत ताटात सारभात वाढून मोकळी होते. मुलगी तर भागाकार माझ्या बोलण्यावरच शिकली. राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून फुलवालीपर्यंत सगळ्यांना ही पद्धत ठाऊक आहे. त्यामुळे माझ्या तोंडून आजवर कुणाचं नुकसान झालं नव्हतं. मी सोडायचो, ते कापायचे, आणि मधे कुठेतरी खरं असायचं.

घोटाळा झाला तो गल्लीबाहेर.

आमचं भांड्यांचं दुकान आहे. आमचे खापरपणजोबा साताऱ्याकडून घोड्यावर बसून बेंगळुरूत आले, असं मी सांगतो. वडील म्हणायचे, बैलगाडीतून. वडील माझ्यापेक्षा कमी बोलायचे, म्हणजे बैलगाडीच असणार. पितळेच्या घागरी, स्टीलचे डबे आणि इडलीपात्रं यांच्यात मी वाढलो आणि ठेका तिथेच शिकलो. मी घागरीवर हात टाकला की समोरच्या हॉटेलातल्या इडल्या वेळेआधी फुगायच्या. पुढे मंडळाच्या भजनात ढोलकी हातात आली. माझी ढोलकी राजाजीनगरात वाजली की इंदिरानगरात कुत्री उठून बसतात. निम्मं केलंत तर नुसते कान हलवतात. तेवढं खरं आहे.

ज्यांना मी पुढे अक्का म्हणायला लागलो, त्या बाई आमच्या दुकानात आल्या त्या स्टीलचे तीस पेले घ्यायला. धारवाडच्या, आई मराठी, वडील कन्नड. कितीतरी वर्षं रंगमंचावर नाचून मग एक दिवस घुंगरं उतरवली आणि शाळाशिक्षकांना शिकवायला लागल्या. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं, की या बाई प्रत्येक पेला नखाने वाजवून बघतायत. दोन पेले त्यांनी परत ठेवले.

"हे बोलत नाहीत," म्हणाल्या.

पेल्याला भोक आहे का हे बघणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिली होती. तो बोलतो का हे बघणारं पहिलंच. मला राहवेना. मी एक घागर पुढे ओढली आणि तिच्यावर असा काही तुकडा वाजवला की फळीवरची झाकणं नाचायला लागली. अक्कांनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"अण्णा, फार छान. आणि फार जास्त," त्या म्हणाल्या. "गुरुवारी मोकळे आहात का? मला शिक्षकांना नाचवायचंय."

त्या कामाचं नाव सामाजिक-भावनिक शिक्षण. नाव एवढं लांब, की राजाजीनगरात बसमध्ये चढताना म्हणायला घेतलं तर व्हाइटफील्डला उतरताना संपतं. काम मात्र सरळ होतं. मुलाला स्वतःचा राग, भीती, लाज ओळखता यावी, आणि शेजारच्या बाकावरच्याचीही कळावी. हे शिकवणार कोण, तर ज्यांना 'बाई, तुम्हाला आज कसं वाटतंय' हे वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं नाही अशा बाई. म्हणून आधी त्यांनाच शिकवायचं. आणि ते भाषणं देऊन होत नाही, असं अक्कांचं म्हणणं. अंगाला आधी कळतं, तोंडाला मागून.

पहिल्या दिवशी तीस शिक्षिका मांडीवरची पर्स अशी आवळून बसायच्या, जणू ढोलकीवाला ती पळवायलाच आलाय. मग अक्का त्यांना उठवून वर्तुळ करायला लावायच्या. एकेकीने आत यायचं आणि वर्गातला मनात रुतून राहिलेला एक क्षण अंगाने दाखवायचा. शब्द नाही. बाकीच्यांनी तो जसाच्या तसा परत करून दाखवायचा. तेवढाच. त्यात काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. आपण केलेलं तीस अंगांवरून परत आलेलं बघितलं की कडकातल्या कडक बाईंचा चेहरा सैल व्हायचा. मी तिथे एवढ्या बायकांना रडताना पाहिलंय, की हॉलच्या फरशीला बुरशी यायची. बरं, निम्मी.

माझ्यासाठी अक्कांचा नियम असा: पाय आधी, ढोलकी मागून. आत आलेल्या बाईचं पाऊल पडलं की त्याच्यामागून माझं बोट पडायचं. ती थांबली की मी थांबायचं. आयुष्यभर दुसऱ्यांना नाचवलेल्या माणसाला हे जड गेलं, पण मी शिकलो. दुसरा नियम सगळ्यांसाठी होता: वर्तुळातलं वर्तुळात. बाहेर पडताना, चपला घालायच्या आधी, अक्का तो सगळ्यांकडून म्हणवून घ्यायच्या. मीही म्हणायचो. सगळ्यांत मोठ्याने.

अशाच एका प्रशिक्षणाला त्या बाई आल्या. आमच्याच भागातल्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या, मूळच्या निपाणीकडच्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि अंबाड्यात खोवलेलं लाल पेन. काही बोलायच्या आधी त्या ते पेन म्यानातून तलवार काढावी तसं उपसायच्या आणि समोरच्या माणसाकडे, त्याच्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असल्यासारखं बघायच्या. पहिला अख्खा दिवस त्या वर्तुळाच्या कडेला भिंतीसारख्या उभ्या राहिल्या.

चहाच्या वेळी मी मराठी आहे हे त्यांना कळलं आणि भिंतीला खिडकी पडली.

"अगंबाई, आपल्यातलेच की! इथं दिवसभर कन्नड, इंग्लिश, पोरांसंगं हिंदी. आपली भाषा घरी जाऊन कुलूप काढल्यावरच."

मी त्यांना आमच्या घरातली निम्म्याची पद्धत सांगितली. त्या पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे तुम्ही बत्तीस दात काढून हसलासा तर आम्ही सोळाच धरायचे?"

दुसऱ्या दिवशी, कुणी न बोलावता, त्या वर्तुळात आल्या. पेन उपसलं नाही. चार पावलं चालल्या. मग उजवा हात खाली, जरासा पुढे केला, तळवा उघडा. लहान मूल हात धरायला येतं तेव्हा मोठं माणूस करतं तसा. हात तिथे राहिला. मग तो त्यांनी मागे घेतला, पाठीशी नेला, आणि दुसऱ्या हाताने तिथे धरून ठेवला. एवढंच. माझी बोटं ढोलकीवर होती, पण वाजवायला जागाच नव्हती. तीस जणींनी हात पुढे केला, मागे घेतला, पाठीशी धरून ठेवला. बाई प्रत्येकीकडे वळून बघत होत्या, वह्या तपासाव्यात तशा.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून त्यांनी मला ते काय होतं ते सांगितलं. मराठीत, आवाज जराही खाली न आणता, कारण आजूबाजूच्या कुणाला ते कळणार नव्हतं. बांधकामावर आलेल्या कुटुंबातली एक मुलगी त्यांच्या वर्गात होती. वर्गात बोलली जाणारी एकही भाषा तिला येत नव्हती. शाळा सुटली की ती बाईंचा हात धरून गेटपर्यंत चालायची. दिवसभरातलं तेवढंच तिचं बोलणं. एक दिवस बाई कशावरून तरी वैतागलेल्या, हात खडूने भरलेला. मुलगी आली आणि बाईंनी हात मागे घेतला.

"नुसता मागं घेतला बघा. रागावले पण नाही. दुसऱ्या दिवसापासनं ती हाताला आलीच नाही. पुढं काम संपलं, आईबाप घेऊन गेले तिला. कुठं, कुणाला ठाऊक." मग त्यांनी डब्यातली भाकरी माझ्यापुढे सरकवली. "हे मी घरीपण बोललेली नाही."

"बाई, हे माझ्या पोटात राहील," मी म्हणालो.

माझ्या पोटात आजवर फक्त इडल्या राहिल्यात, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

बाई शाळेत परत गेल्या आणि त्यांनी लगेच काम सुरू केलं. त्यांनी एक प्रकार काढला होता, त्याला त्या पायांची हजेरी म्हणायच्या. सकाळी नाव पुकारलं की मुलाने 'प्रेझेंट मिस' म्हणायचं नाही. बाकापासून फळ्यापर्यंत चालत यायचं, आज जसं वाटतंय तसं. कुणी थयथय करत, कुणी चवड्यांवर, कुणी फरफटत. बाई मागून डस्टरने टेबलावर ठेका धरायच्या. पाय आधी. दोन-चार दिवसांनी मला त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा: "आज चौतीस पोरं. तिघं पाय ओढत आली. एकाला बापानं मारलंय, एकीचं मांजर मेलंय, आणि एकाचे नुसते बूट लहान झालेत. या की एकदा बघायला. ढोलकीपण आणा."

"येतो, येतो," मी म्हणत राहिलो. गेलो नाही. मला वेळच नव्हता. मी त्यांची गोष्ट सांगत गावभर हिंडत होतो.

त्याची सुरुवात व्हाइटफील्डला झाली. अक्का रस्त्यात अडकल्या होत्या. तिकडचा ट्रॅफिक असा, की माणूस कॅबमध्ये चढताना केस काळे असतात आणि उतरताना नातवंडं न्यायला येतात. हॉलमध्ये चाळीस शिक्षक, सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून, आणि त्यांच्यासमोर मी एकटा. अक्कांचा फोन आला: "अण्णा, तासभर सांभाळा. गाणी घ्या." मी दोन गाणी घेतली. टाळ्या पडल्या त्या डास मारल्यासारख्या. मग माझं तोंड उघडलं.

बाईंचं नाव मी घेतलं नाही, शाळाही सांगितली नाही. एवढी अक्कल राखली. हात पुढे केला, मागे घेतला, पाठीशी धरला. शेवटच्या रांगेतल्या एकाने जांभई दिली. तेव्हा मला उमगलं, की मागे घेतलेला हात शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. म्हणून मी काय केलं, तो हात मागे घ्यायच्या ऐवजी वर नेला आणि ढोलकीवर अशी सणसणीत थाप टाकली की खिडकीच्या काचा थरथरल्या. "आणि बाईंनी त्या पोरीला मारली चापट!"

जांभई अर्ध्यावर थांबली. चाळीस मोबाइल खाली गेले. मग काय, मुलीला मी रडवलं, बाईंना गुडघ्यांवर पाडलं, दोघींना गेटपाशी गळ्यात गळे घालायला लावले. अक्का पोचल्या तेव्हा हॉल रुमालात नाक खुपसून बसला होता.

पुढच्या वेळी इंदिरानगरात चापटा दोन झाल्या. त्यानंतर मी गोष्टीतल्या बाईंना अंबाडा दिला आणि अंबाड्यात लाल पेन दिलं. पेन उपसायची नक्कल केली की लोक हसायचे, आणि हसून सैल झालेल्या माणसाला चापट जास्त लागते. ही कारागिरी आहे. माझ्या हातून झालेली सगळ्यांत चांगली कारागिरी, हे लिहितानाही जीभ जरा चढते, म्हणून ती चावून पुढे जातो.

अक्कांनी एकदा हटकलं होतं. "ही कुणाची गोष्ट, अण्णा?"

"कुणाची नाही. अशीच, बनवलेली."

"मग चापट कशाला? स्वल्प कमी करा की."

"सरी, सरी," मी कन्नडात होकार दिला, आणि पुढच्या वेळी थाप आणखी जोरात टाकली.

मग आमच्या भागातल्या सात-आठ शाळांचे शिक्षक एका कल्याण मंडपात, म्हणजे आपल्याकडच्या मंगल कार्यालयात, जमायचे होते. बाई तिथे पायांची हजेरी करून दाखवणार होत्या, असं अक्कांनी मला मेसेजमध्ये कळवलं होतं. मी मेसेज निम्माच वाचला होता. तेवढी एक सवय मी घरच्यांकडून उचललीय.

त्या दिवशी मी भलताच रंगात होतो. आमचा भाग, आमची माणसं, समोर हजारभर लोक. (दीडशे असतील.) घरी माझं बोलणं कसं निम्मं करतात, इथून सुरुवात केली, मंडप हसला. मग गोष्ट काढली. अंबाड्यातून पेन उपसलं आणि तिसऱ्या रांगेत हशा फुटला. असा हशा मला कधी मिळाला नव्हता. बाकीचे लोक गंमत वाटली म्हणून हसत होते. ती रांग एकमेकींना कोपरं मारत, डोळे पुसत हसत होती. मला वाटलं, दर्दी माणसं भेटली. मी तोंड त्या रांगेकडेच वळवलं, पेन पुन्हा उपसलं, नाकपुड्या फुगवल्या, कन्नडात निपाणीचा हेल काढला. आणि मग हात वर नेऊन ढोलकीवर दोन थापा टाकल्या.

हशा कापल्यासारखा थांबला. मला वाटलं, पोचली. पोचलीच होती. त्या रांगेतल्या सगळ्या माना एका बाजूला वळल्या होत्या, आणि त्या जिथे वळल्या होत्या तिथे एक अंबाडा होता, अंबाड्यात लाल पेन.

इथे मी थांबलो, माइक खाली ठेवला, असं लिहायचा मोह होतोय. मी थांबलो नाही. बाईंकडे बघत बघत मी गोष्ट पुरी केली. त्यांना गुडघ्यांवर पाडूनच खाली उतरलो.

अक्कांनी बाईंना पुढे बोलावलं. बाई उठल्या, दोन पावलं आल्या. "आज नको, मॅडम," म्हणाल्या. मग अंबाड्यातलं पेन काढून त्यांनी पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन लावली. वर्तुळ झालं तेव्हा त्या त्यात उभ्या राहिल्या, पण पूर्ण वेळ दोन्ही हात पाठीशी धरून. त्यांच्या मुख्याध्यापिका त्यांच्या शेजारीच होत्या.

सगळे गेल्यावर अक्का माझ्यासमोर येऊन बसल्या.

"चापट खरी होती?"

"नाही."

"बाई खऱ्या होत्या?"

मी ढोलकीची दोरी आवळत बसलो. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "अण्णा, त्या दिवशी तीस जणींनी तेवढंच परत केलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच तेवढं जमलं नाही. यापुढे माइक तुमच्या हातात नाही. फक्त ढोलकी."

त्यानंतर बाईंचा मेसेज आला नाही. काय झालं ते अक्कांकडूनच कळलं. मुख्याध्यापिका काही वाईट नव्हत्या. मुलावर हात उगारणाऱ्याला वर्गात ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि नियम चांगलाच आहे. त्यांनी बाईंना विचारलं, "तुम्ही मारलं होतं का?" बाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. दुसरीचा वर्ग काढून घेतला गेला. बाईंना ऑफिसात दाखले लिहायला बसवलं.

मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी बसवलं, पाणी दिलं.

"मॅडम, चापट माझी आहे. मी घातली ती गोष्टीत. बाईंनी नुसता हात मागे घेतला होता."

"सर, तुम्ही गमतीने वाढवून सांगता हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच तर सांगितलंत, घरी तुमचं निम्मं धरतात."

"हो, म्हणूनच सांगतो..."

"म्हणून मीही तसंच केलं. तुम्ही दोन मारल्या म्हणालात, मी एक धरली."

"एकही नाही, मॅडम! एकही नाही!"

"हेही तुम्हीच सांगताय ना?" त्यांनी अगदी मायेने विचारलं. "मग हे मी किती धरू?"

तीस वर्षं ज्या पद्धतीवर माझा संसार सुखात चालला, ती माझ्यासमोर टेबलावर येऊन बसली होती. माझ्याजवळ पूर्ण धरावं असं एकही वाक्य नव्हतं. दुकानात पितळ सोनं म्हणून विकणाऱ्याने एकदा खरं सोनं आणावं आणि कुणी हातही लावू नये, तसा मी तिथून उठलो.

बाईंच्या घरी जायला मला दोन आठवडे लागले. निम्मं करू नका, पूर्ण दोन. दुपारची वेळ, जिना चढून वरच्या दोन खोल्या. दार त्यांनीच उघडलं. अंबाड्यात पेन नव्हतं.

"या," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी माफी मागायला लागलो. मला ती साधी मागता येईना. बाई, मी अन्न सोडलंय, म्हणालो. बाई, आठ दिवस डोळ्याला डोळा नाही.

"चार," आतून आवाज आला.

कप माझ्यापुढे ठेवून त्या समोर बसल्या. मग मी विचारलं, "तुम्ही मुख्याध्यापिकांना 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"मारलं नाही म्हटलं असतं, तर मग काय केलं, म्हणून विचारलं असतं. हात मागं घेतला, असं सांगू? एवढंच होय, म्हणाल्या असत्या. त्यांना ते एवढंच वाटलेलं मला चाललं नसतं." त्या खिडकीकडे बघत बोलत होत्या. "आणि त्या पोरीला लागलंच की हो. तुम्ही नुसता आवाज घातलासा."

या वाक्याने माझी सुटका झाली असं मला क्षणभर वाटलं. बाईंना ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"तुम्हाला मी ते आपल्या भाषेत सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुठल्या भाषेत मी ते बोललेच नसते."

मी कप बाजूला सरकवला.

"उठा," त्या म्हणाल्या. "करून दाखवा."

"काय?"

"तेच. वर्तुळात तीस जणींनी केलं, तुमच्या हातात ढोलकी होती. तुम्ही केलेलंच नाही. करा."

मी उभा राहिलो. हात पुढे केला. तो पुढे गेला आणि तिथून, माझ्या मनात नसताना, वर उठला. इतक्या वेळा, इतक्या हॉलमध्ये मी तो वर नेला होता, की खांद्याला दुसरा रस्ताच ठाऊक नव्हता.

"खाली. सात वर्षांची होती ती."

मी हात खाली आणला. मागे घेतला.

"भराभर नको. परत."

परत केलं. "तोंड कशाला वाकडं करता? मी केलं होतं का तोंड? परत." दुसरीच्या वर्गातल्या मुलासारखा मी त्या खोलीत उभा होतो आणि हात पुढे करत होतो, मागे घेत होतो. एकदा फार मोठा झाला. एकदा पाठीशी धरायचा राहिला. मला भजनातले कठीणातले कठीण तुकडे एकदा ऐकून येतात; हे येईना. किती वेळा केलं, मोजलं नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "राहू दे. चहा निवला तुमचा." बरोबर आलं का, ते म्हणाल्या नाहीत.

दाराशी त्या एवढंच बोलल्या, "लिहून द्या जमलं तर. बोलू नका, लिहा. आणि लहान लिहा."

खाली रस्त्यावर येऊन मी पुन्हा करून बघितलं. हात खाली, जरासा पुढे, तळवा उघडा. आणि एक रिकामी ऑटो येऊन थांबली. राजाजीनगरात भर दुपारी हात केल्यावर रिकामी ऑटो थांबली, हे तुम्हाला माझं सगळ्यांत मोठं खोटं वाटेल. निम्मं करा, अर्धी ऑटो थांबली. चालकाने मान बाहेर काढली. मी हात मागे घेतला, पाठीशी नेला, धरून ठेवला. तो शिव्या देईल म्हणून मी वाट बघितली. त्याने दिल्या नाहीत. बसणार की नाही, एवढंच विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं, मग मीटरवर हात फिरवला आणि गेला. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो हात समोरच्या बाजूने, त्या मुलीच्या जागेवरून बघितला.

मुख्याध्यापिकांसाठी मी एक ओळ लिहिली: बाईंनी त्या मुलीला मारले नाही, चापट माझी होती. एवढीच ओळ ठेवायला मला अख्खी संध्याकाळ लागली. प्रत्येक वेळी तिला काहीतरी फुटायचं आणि मी खोडायचो. कागद देऊन आलो. त्यांनी तो वाचला, फाइलला लावला आणि "बघू" म्हणाल्या. त्याला आता बरेच महिने झाले. बाई अजून दाखले लिहितात. दुसरीला एक नवीन मुलगी शिकवायला आलीय; चांगली आहे म्हणतात.

आता मी अक्कांबरोबर जातो, तो तोंड मिटून. कुणी वर्तुळात येऊन अगदी लहानसं काही करतं, तेव्हा बोटं ढोलकीवर नुसती ठेवतो. अक्का एकदा बघतात आणि पुढच्या बाईंना आत बोलावतात.

सकाळी दुकान उघडायला जाताना मी मुद्दाम त्या शाळेवरून जातो. दुसरीच्या वर्गाची खिडकी रस्त्यावर आहे. हजेरी चालू असते. एक नाव, एक 'प्रेझेंट मिस'. पुढचं नाव, पुन्हा 'प्रेझेंट मिस'. जागेवर बसून, सगळ्यांचं एकाच चालीत. त्यात कुणाचं मांजर मेलंय आणि कुणाचे बूट लहान झालेत, काही कळत नाही. मी खिडकीखाली उभा राहून शेवटपर्यंत ऐकतो. चौतीस आवाज. हे निम्मं करू नका. मी मोजलेत.